बेटावर घर करण्याआधी : दिवाडी आणि चोडणला राहायला येणाऱ्यांसाठी

गोव्याच्या मांडवी नदीतल्या बेटांवर घर मिळेल का, अशी विचारणा सुरू होते ती नोव्हेंबरात. हवा छान असते, भात कापून झालेले असते, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून फोटो चांगले येतात. हा ओघ मार्चपर्यंत चालतो. जूनमध्ये मात्र कुणी विचारत नाही, आणि घर बघायचे तर नेमके जूनमध्येच बघावे. कौले कुठे गळतात, वाट कुठे बुडते, वीज गेली की किती वेळ जाते, हे सगळे पावसाळ्यात कुणाला न विचारता कळते.

हे टिपण पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सावंतवाडीहून किंवा गोव्यातल्याच फोंडा-मडगावहून बेटावर राहायला येऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. दोन दिवस भटकायचेच असेल तर पुढचे वाचायची गरज नाही. स्कूटर घ्या, फेरीत चढा, संध्याकाळी परत जा.

आधी बेट ठरवा

पणजी ज्या तिसवाडी तालुक्यात आहे तो भागही तसा बेटच. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पण पूल इतके झाले की पणजीकराला ते आठवतही नाही. सांत इस्तेव्ह म्हणजे जुवे आणि कुंभारजुवे यांचेही तेच. तिथे पुलावरून गाडी थेट दारात जाते. रोजच्या जगण्यात बेटपण उरले आहे ते दिवाडीला, आणि निम्मेशिम्मे चोडणला.

दिवाडीला गाडी न्यायची तर फेरीबोटीशिवाय वाट नाही. तीन धक्के आहेत: एक जुने गोव्याच्या समोर, एक रायबंदरच्या बाजूला आणि एक पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वेला जोडणारा. मधे टेकडी, टेकडीवर पिएदादची इगर्जी, तिच्या पायथ्याशी आणि आजूबाजूला मळार, गोळती, नावेली अशी गावे, आणि सभोवार खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेती. कोकण रेल्वे मांडवी ओलांडताना दिवाडीवरून जाते, पण थांबत नाही. गाडीचा आवाज घरात बसून ऐकायचा आणि ती पकडायला फेरीने करमळीला जायचे, असा तो प्रकार आहे.

चोडणला रायबंदर आणि पोंबुर्फ्याहून फेरी आहे, शिवाय मये-डिचोलीच्या बाजूने रस्ता आहे. तो लांबचा पडतो, पण आहे. मध्यरात्री गाडी काढून बेटाबाहेर पडता येणे ही सोय किती मोठी, हे ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांनाच कळते. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. घरात हृदयविकाराचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर चोडण बघा, किंवा पुलाने जोडलेले जुवे बघा. नोकरी डिचोली-म्हापशाकडे असेल तरी चोडण. नोकरी पणजीत असेल आणि रोज थोडी वाट बघायची मनाची तयारी असेल, तर दिवाडी. रायबंदरहून पणजीपर्यंतचा रस्ता सरळ आहे. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये खाजनातून बांधलेल्या त्या लांबलचक पुलावरून आजही वाहने धावतात.

पहिले वर्ष भाड्याने

विकत घ्यायची घाई करू नका. जून ते मे असा पूर्ण एक फेरा भाड्याच्या घरात काढा. घरमालकाशी लेखी करार करा आणि भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलिसांत द्या. गोव्यात तो बंधनकारक आहे, मालक ‘मागाहून बघू’ म्हणाला तरी तुम्ही मागे लागा. गाडी महाराष्ट्राच्या नंबरची असेल आणि बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर नोंदणी गोव्याची करून घ्यावी लागते. तसे न करता तीन-तीन वर्षे ‘एमएच’ पाटी मिरवणारे पुष्कळ आहेत. गावात ते बरोबर लक्षात ठेवले जाते.

घर बघताना वरची कौले, खालची ओल आणि मागची विहीर एवढे आधी बघा. बल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या, लाल जमीन हे सगळे नंतर. जुन्या घराची शाकारणी मे महिन्यात झाली नाही तर जूनमध्ये माणूस मिळत नाही. कौले चाळणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि त्यांची वेळ गणपतीच्या मूर्तीसारखी आधी सांगून ठेवावी लागते. करारातच लिहून घ्या की शाकारणी कुणी करायची.

भरती-ओहोटी शिका

बेटावर घड्याळ दोन असतात. एक भिंतीवरचे, दुसरे नदीचे. मांडवीचे पाणी जुने गोव्याच्याही बरेच वर आतपर्यंत भरतीबरोबर चढते-उतरते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. कोकणातला जुना हिशेब इथेही ढोबळमानाने चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. नदीत आत थोडा उशीर धरा. कालनिर्णय स्वयंपाकघरात टांगलेले असतेच, त्याचा हा एक जास्तीचा उपयोग.

हे कशासाठी? तीन गोष्टींसाठी. पहिली फेरीबोट. भरतीला बोट धक्क्याच्या वरच्या टोकाशी लागते आणि गाडी जवळजवळ सपाट चढते. खोल ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडतो आणि त्यावर हिरवट चिखलाचा पातळ थर असतो. स्कूटर तिथेच घसरते. पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीच्या जवळ ठेवून, पुढचा ब्रेक अजिबात न दाबता उतरायचे. पाठीमागे कुणी बसले असेल तर त्याला आधी उतरवून चालत पाठवा. इथली जुनी माणसे तसेच करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. खालून बुटकी असलेली मोटार ओहोटीला फळीच्या सांध्यावर घासते, तो आवाज ऐकायचा नसेल तर तासभर थांबा.

दुसरी गोष्ट विहीर. एप्रिल-मेमध्ये खालच्या सखल भागातल्या विहिरींना खारटपणा येतो. टेकडीच्या बाजूच्या घरांना हा त्रास कमी. भाड्याने घर घेताना मालकाला नव्हे, शेजारच्या बाईंना विचारा, “मे महिन्यात डाळ शिजते काय या पाण्यात?” उत्तर खरे मिळेल.

तिसरी गोष्ट खाजन, आणि हिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण नवीन माणूस सर्वांत जास्त चुकतो ते इथे. बेटावर हिरवेगार, सपाट, रिकामे दिसते ते रिकामे नसते. भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून शेतीखाली आणलेली आहे. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला आतले पाणी झडपा ढकलून नदीत निघून जाते. वीज नाही, मोटर नाही. एखाद्या संध्याकाळी भरती फिरण्याच्या वेळी मानशीपाशी उभे राहा: आधी पाणी नुसते थबकल्यासारखे होते, मग झडपेच्या फटीतून फेसाची एक रेघ सुटते, आणि मिनिटाभरात आतले गढूळ पाणी मासळीसकट बाहेर लोटते. तिथे जाळे लावण्याच्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव. त्यामुळे ‘जरा गळ टाकून बघू’ म्हणून मानशीवर जाऊन बसू नका. ते कुणीतरी पैसे मोजून घेतलेले असते.

पावसाच्या पाण्याने खार धुऊन गेला की त्यात सरदचे भात होते. कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे वाण त्यासाठीच. बांध एका जागी फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर आतली सगळी शेते खारी होतात, फक्त फुटलेल्या जागेसमोरचे शेत नव्हे. म्हणून बांधावरून मोटार घालू नये, बांधाची माती भरावाला उचलू नये आणि पाण्याची वाट म्हणजे ‘नाला’ समजून त्यात डबर टाकू नये. पहिल्याच वर्षी गावाशी बिनसायचे असेल तर मात्र याहून सोपा मार्ग नाही.

फेरीचा रोजचा व्यवहार

फेरीबोटी राज्य सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत, चारचाकीला तिकीट. रायबंदर-चोडण मार्गावर जुलै २०२५ पासून रो-रो फेरीही आली. ती मोठी आहे, एका खेपेला जास्त गाड्या घेते. त्यामुळे चोडणची संध्याकाळची रांग आखडली, दिवाडीची आहे तशीच आहे.

नदी ओलांडायला थोडीच मिनिटे लागतात. वेळ जातो तो रांगेत. सकाळी कचेऱ्या-शाळांच्या वेळी आणि संध्याकाळी पणजीहून लोक परतताना मोटारीला एक-दोन खेपा सोडाव्या लागू शकतात. दुचाकी मात्र कुठेतरी शिरते. म्हणून बेटावरच्या बहुतेक घरांची सोय अशी: रोजच्याला स्कूटर, मोटार फक्त बाजारहाटाला आणि लग्नाकार्याला. काही जण मोटार पलीकडच्या धक्क्याजवळ कायमची ठेवतात आणि स्वतः पायी ये-जा करतात. हे जमले तर सर्वांत सुखाचे.

रीतभात थोडक्यात सांगतो. रांग मोडायची नाही, अगदी ओळख असली तरी. रुग्णवाहिकेला आणि दूध-मासळीच्या गाडीला वाट द्यायची. बोटीतला खलाशी हात करील तिथे गाडी लावायची. त्याला वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवायचे असते. इंजिन बंद, हँडब्रेक वर. बोट टेकण्याआधी गाडी सुरू करून धूर सोडणारे रोज दिसतात, त्यांच्यात तुम्ही नसावे.

शेवटची खेप किती वाजता, हे धक्क्यावरच्या फलकावर वाचा आणि वर माणसालाही विचारा. दिवाडीच्या प्रत्येक धक्क्याची वेळ वेगळी असते, आणि तुमच्या धक्क्यावरची बोट नादुरुस्त झाली तर दुसऱ्या धक्क्याला वळसा घालायचा असतो. जुने गोवेची बंद असेल तर रायबंदर, तीही नसेल तर डिचोलीकडून नार्वे. हे तिन्ही रस्ते पहिल्या महिन्यातच दिवसाउजेडी गाडीने फिरून ठेवा. शेतांमधले रस्ते अरुंद, दिव्यांविना, आणि पावसात दोन्ही बाजूंचे पाणी रस्त्याच्या बरोबरीला आलेले असते. रात्री अकराला ते पहिल्यांदा बघण्यात मजा नाही.

एक तारीख वहीत लिहून ठेवा: ३ डिसेंबर, जुने गोव्याचे फेस्त. त्याच्या आधीचे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दिवसही धरा. तेव्हा जुने गोवेच्या धक्क्याकडे जायचेच नाही. दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन असते तेव्हा तर महिना-दीड महिना. गेल्या खेपेचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते.

जमीन घ्यायचीच असेल तर

वर्ष काढले, तरी मन फिरले नाही, आता घर घ्यायचे आहे. ठीक. दलालाच्या आधी वकील गाठा, आणि वकील गोव्यातला, महसुली खटले लढवणारा हवा. महाराष्ट्रातला सात-बारा वाचता येतो म्हणून इथले कागद वाचता येतील असे नाही.

एक-चौदाचा उतारा आणि सर्वेक्षणाचा नकाशा आधी काढा. उताऱ्यात कूळ म्हणून कुणाचे नाव आहे का, इतर हक्कांत काही नोंद आहे का, ते बघा. कुळाची जमीन बिगरशेतीला वापरण्यावर १९९१ पासून कायद्याने बंदी आहे. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आहे. म्हणजे ‘आत्ता शेत घ्या, पुढे रूपांतर करून देतो’ म्हणणारा दलाल तुम्हाला खटला विकतो आहे. नगरनियोजन कायद्यात १७(२) आणि ३९अ ही कलमे आल्यापासून झोन बदलून देतो सांगणारे वाढलेत. त्या कलमांवर न्यायालयात आणि रस्त्यावर दोन्हीकडे भांडण चालू आहे. तुमचे घर त्या भांडणाच्या मधोमध बांधू नका.

दुसरे म्हणजे मुंडकार. भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या घर करून राहणाऱ्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही. बघायला गेलात आणि आवारात आणखी एक चूल पेटलेली दिसली, तर ती कुणाची हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि त्या माणसाला ‘काढून देतो’ असे विकणारा म्हणाला तर तिथून उठा. कायदा सोडा, त्या शेजाऱ्यांसोबत तुम्हाला राहायचे आहे.

तिसरे, मालक कोण. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते, म्हणून विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. मालक वारला असेल तर सगळे वारस आले. ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही होऊन वाटण्या झाल्यात का ते विचारा. दिवाडीचे एखादे घर कुलूपबंद, मोडकळीला आलेले आणि म्हणून स्वस्त वाटते. त्याचे वारस लिस्बनला, लंडनला, मुंबईला आणि एक इथेच वरच्या वाड्यावर असतो. तो एकटाच तुम्हाला घर दाखवतो. बाकीच्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत तुमचे केस पांढरे होतात.

चौथे, जमीन कोमुनिदादची आहे का. कोमुनिदाद म्हणजे गावकाऱ्यांची जुनी सामाईक संस्था, पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची. तिची जमीन आफ्रामेंतने म्हणजे कायम पट्ट्याने दिलेली असू शकते, आणि तिचे हस्तांतर वेगळ्या परवानगीने होते. पाचवे, नदीकाठ. भरतीचे पाणी पोचते त्या काठाला किनारी नियमनाचे नियम लागू होतात, खाजन आणि खारफुटीला तर जास्तच. ‘रिव्हर फेसिंग’ असे लिहिलेली जाहिरात दिसली की आधी हा प्रश्न.

बांधकाम किंवा दुरुस्तीचा खर्च काढताना एक कलम बेटाचे धरा. चिरे, सिमेंट, वाळू, कौले, सगळे दिवाडीला फेरीने येते. ट्रकवाला रांगेतल्या वेळेचे पैसे लावतो, गवंडी शेवटच्या खेपेच्या हिशेबाने काम आटोपतो. चोडणला ट्रक मयेच्या बाजूने येऊ शकतो, तिथे हा भुर्दंड कमी.

नळ, वीज, नेट

नवीन जोडणीला किंवा जोडणी नावावर करायला पंचायतीचा ना-हरकत दाखला, घर क्रमांक आणि घरपट्टीची पावती लागते. घर क्रमांक नसलेले ‘तयार घर’ घेऊ नका. नळाला पाणी येते, पण बेट हे जलवाहिनीचे शेवटचे टोक. दाब कमी-जास्त होतो. छपरावर एक आणि जमिनीवर एक अशा दोन टाक्या असू द्या. वीज पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की जाते, आणि दुरुस्तीची माणसेही पलीकडून यायची असतात. इन्व्हर्टर घ्या. घरून काम करणार असाल तर घर पक्के करण्याआधी लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत बसून एक लांब व्हिडिओ कॉल करा. टेकडीच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कचऱ्याला पंचायतीचा माणूस ठरलेल्या वारी येतो, सुका कचरा वेगळा करून द्यायचा. ओल्याला परसात खड्डा.

दवाखाना

ताप-खोकल्याला बेटावर डॉक्टर मिळतो. त्यापलीकडचे सगळे नदीपार. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण ती कुठल्या धक्क्याने येणार हे फोनवर पत्त्याबरोबरच सांगायचे, आणि घरातल्या एकाने धक्क्यावर जाऊन खलाशांना आधी सांगायचे की बोट अडवून ठेवा. हे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे. रात्री शेवटच्या खेपेनंतर काय करायचे, कुणाला हाक मारायची, हे शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारून फोनजवळ लिहून ठेवा. आमच्या वाड्यावर तो कागद फ्रिजवर असतो.

मोठे रुग्णालय म्हणजे बांबोळीचे गोमेकॉ, गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा चालवणारे. शेतात नाग, घोणस, मण्यार असतात. साप चावला तर दोरी आवळण्यात, जखम कापण्यात किंवा गावठी औषधात वेळ घालवू नका, थेट बांबोळी गाठा. रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, चोडणच्या खारफुटीतही दिसतात; गढूळ काठाला पोहायला उतरू नका. मुलांना हे वेगळे सांगा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर आपला विमा चालू ठेवा.

पाव, मासळी, बाजार, शाळा

सकाळी आणि संध्याकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलचा भोंगा वाजवत येतो. उंडे, पोळी, कांकणे. ही पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, आपली नव्हे. हिशेब महिन्याचा ठेवता येतो. मासळीवाली दारावर येते. पहिल्या दिवशी घासाघीस करा, दुसऱ्या दिवसापासून तीच तुम्हाला मानशीची काळुंद्री मासळी आणि तिसऱ्या म्हणजे शिंपले राखून ठेवील. किराणा बेटावर मिळतो, दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात आणि त्याबद्दल चिडचिड करणारे तुम्ही एकटेच असाल. मोठ्या खरेदीला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गॅसचा सिलिंडर ठरलेल्या वारी येतो, तो वार दुकानदाराला विचारा. भेंड्यांच्या दिवसांत जुव्याची सात शिरांची भेंडी दिसली तर सोडू नका. २०२३ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे.

मुलांसाठी प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आहे. अकरावीपासून पुढे बहुतेक मुले रोज नदी ओलांडतात. मराठी वर्तमानपत्रे सकाळच्या पहिल्या खेपांबरोबर येतात.

माणसे आणि पंचायत

घरात, दुकानात, फेरीत बोली कोंकणी. तुमचे मराठी सगळ्यांना कळते, देवळात आणि भजनात तर मराठीच ऐकाल. पण ‘कोंकणी ही मराठीचीच बोली ना?’ हा विषय फेरीत काढू नका. गोव्यात त्यावरून चळवळी झाल्यात आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही मने पूर्ण निवलेली नाहीत. पुरुषाला ‘बाब’, बाईला ‘बाय’ जोडून हाक मारा, ‘देव बरें करूं’ म्हणायला शिका, समोरचा कोंकणीत बोलला तर इंग्रजीत उत्तर देऊ नका. मराठीत द्या, चालते.

ग्रामसभा बहुधा रविवारी असते. जा, मागे बसा, ऐका. मतदार यादीत नाव नसेल तर बोलण्याचा हट्ट धरू नका. पुलाचा विषय निघेलच. बेटावर पूल हवा की नको, यावर इथे एकाच घरात दोन मते आहेत. कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या आईला हवा आहे, खाजनात भात लावणाऱ्या तिच्या दिराला पुलाबरोबर येणाऱ्या इमारती नको आहेत. दोघांचेही खरे आहे. माझे मत असे की शांतता विकत घ्यायला काल आलेल्याने आज पुलाविरुद्ध सह्या गोळा करू नयेत, आणि जमिनीचा भाव वाढेल म्हणून पुलासाठीही करू नयेत. रात्रीचा रुग्ण घेऊन धक्क्यावर उभे राहिलेल्यांनी ते ठरवावे.

सण, आणि पाहुणे

सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडीवरचे. कदंब राजांचा हा देव. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडल्यावर मूर्ती नदीपार नार्वेला गेली, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीहून नार्वेची फेरी धरली की दर्शन होते. गोकुळाष्टमीला त्या काठावर नदीस्नानाची गर्दी असते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, आधीच्या तीन दिवसांत दिवाडीवर पोतेकर फिरतात: चित्रविचित्र मुखवटे, कमरेला घंटा. लहान मुले असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या वर्षी घरात रडारड होते. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेले, पावणेदोन चौरस किलोमीटरांचे; थंडीत तिथे भल्या सकाळी ओहोटीला जा, तेव्हा चिखलावर पक्षी उतरतात.

पाहुणे मात्र हटकून विचारतील ते बोंदेरा कधी. ऑगस्टचा चौथा शनिवार, दिवाडीला. झेंडे, चित्ररथ, बांबूच्या फोताशांतून एकमेकांवर फळे उडवणारी मुले, आणि सगळा गोवा त्या दिवशी फेरीच्या रांगेत. पाहुण्यांना आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा, मोटारी पलीकडेच ठेवायला सांगा, पाव पोदेराला गुरुवारी दुपटीने सांगून ठेवा. रविवारी सकाळी परत पाठवा. शनिवारी संध्याकाळी बेटाबाहेर पडायचा प्रयत्न केलेल्या पाहुण्यांनी पुन्हा यायचे नाव घेतलेले मी पाहिलेले नाही.